स्वर्गात पार्किंग फुल्ल

अमेरिकेत उन्हाळा पंचांगाने येत नाही, सुट्टीने येतो. मे महिन्याचा शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे. युद्धात कामी आलेल्या सैनिकांचं स्मरण करायचा हा दिवस लोक अंगणात शेगडी पेटवून आणि गाद्यांच्या सेलला जाऊन साजरा करतात, आणि तिथून उन्हाळा सुरू, असं अख्ख्या देशाने आपापसांत ठरवून टाकलं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट रेनिअरला या ठरावाची प्रत मिळालेली दिसत नाही. म्हणून दर जूनमध्ये सिएटलहून निघालेली कुटुंबंच्या कुटुंबं अर्ध्या चड्ड्या आणि सपाता घालून दोन-अडीच तास गाडी चालवतात, पॅरडाइज नावाच्या ठिकाणी उतरतात आणि पुरुषभर उंचीच्या बर्फाकडे बघत एकमेकांना विचारतात, हे काय?

या प्रश्नाला उत्तर द्यायला सरकारने पगारी माणसं ठेवली आहेत. करडा शर्ट, हिरवी पँट, ताठ काठांची गोल टोपी. तोच तो प्रश्न दिवसभर ऐकून कपाळावर आठी न येणं ही या रेंजर लोकांच्या नोकरीची खरी पात्रता असावी. पायवाट कुठे आहे? बर्फाखाली. बाकं? बर्फाखाली. ती फोटोतली फुलं? तीही तिथेच. मग उघडं आहे तरी काय? पार्किंग. आणि ते सकाळीच भरलं.

याच सुमारास सिएटलच्या आसपास मराठी आई-बाबांचा हंगाम सुरू होतो. मुलगा रेडमंडला, सून बेलव्ह्यूला, दोघांच्या कंपन्यांची नावं आजीला आता नातवाच्या नावाइतकी पाठ. नागपूरचा किंवा पुण्याचा उन्हाळा चुकवून आलेल्या या मंडळींना काहीतरी दाखवायला हवं, आणि शहरातला उंच मनोरा पहिल्याच रविवारी संपलेला असतो. मग नॅशनल पार्क निघतं. तिथलं प्रवेशशुल्क माणशी नाही, गाडीमागे आहे: ३० डॉलर, सात दिवस चालतात. हे कळल्यावर काय होणार ते सांगायला नकोच. सात आसनांची गाडी भाड्याने येते, शेजारच्या कुलकर्ण्यांचे व्याहीही तीत बसवले जातात, आणि माणशी साडेचार डॉलरसुद्धा पडले नाहीत हा निकाल गेटवरून पुढे सरकायच्या आत जाहीर होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तर सकाळी सात ते दुपारी तीन या वेळात आत शिरायला आधी ऑनलाइन वेळ राखून ठेवावी लागत होती. अमेरिकन लोक यावर फार कुरकुरले. तत्काळ तिकिटांच्या तालमीत घडलेल्या आपल्या मुलांना ते बुकिंग आहे हे जाणवलंसुद्धा नसेल.

वाटेत एक धबधबा लागतो. नाव, नारद फॉल्स. हो, तुम्ही बरोबर वाचलंत. टकोमा शहरातल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या शाखेचं नाव नारद होतं, आणि त्या मंडळींनी १८९३ मध्ये या दीडशे फुटांहून उंच धबधब्याला ते देऊन टाकलं. स्वर्गाच्या अलीकडच्या वळणावर नारद भेटावा, ही योजना कुणी मुद्दाम केली असती तर बाळबोध म्हटली असती. पण नारदाने आपला स्वभाव तिथेही सोडलेला नाही. धबधब्याच्या पायथ्याशी उतरायची वाट जेमतेम पाच मिनिटांची, आणि जूनच्या सुरुवातीला तुषारांनी भिजलेली, गोठलेली, घसरडी. वर कठड्याशी उभं राहून दोन काका वाद घालतात की खाली जावं की नाही. तिसरा मुनी म्हणतो, तुम्ही व्हा पुढे.

स्वर्गाचं नाव स्वर्ग कसं पडलं, तेही ऐकण्यासारखं आहे. खालच्या खोऱ्यात औषधी पाण्याच्या झऱ्यांवर लाँगमायर कुटुंबाचं हॉटेल होतं. त्या घरातल्या एका बाईंनी वरची फुलांनी भरलेली कुरणं पाहिली आणि त्यांच्या तोंडून निघालं, काय हा स्वर्ग! हॉटेलवाल्यांच्या घरातून आलेल्या या अभिप्रायाला किती वजन द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं. शिवाय बाई फुलांच्या दिवसांत गेल्या होत्या. जूनमध्ये गेल्या असत्या तर नकाशावर आज वेगळंच काहीतरी छापलेलं असतं, आणि ते कदाचित छापण्याजोगं नसतं.

डोंगराच्या नावाची कथा तर याहून सरकारी आहे. १७९२ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरने समुद्रावरून हा डोंगर पाहिला आणि आपल्या आरमारातल्या एका दोस्ताचं नाव त्याला चिकटवलं. या दोस्ताने, पीटर रेनिअरने, तो डोंगर जन्मात पाहिला नाही. त्याची कारकीर्द आपल्या बाजूची: १७८२-८३ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर आणि त्रिंकोमालीपाशी फ्रेंचांशी लढाया, आणि पुढे दहा-अकरा वर्षं ईस्ट इंडीजच्या ब्रिटिश ताफ्याचं प्रमुखपद. या सगळ्याआधी अमेरिकन लोकांशीही तो लढला होता. म्हणजे ज्यांनी त्याला शत्रू मानायला हवं, त्यांच्याच देशातला एक भव्य डोंगर त्याच्या नावावर. तिथले मूळचे लोक डोंगराला पिढ्यान्‌पिढ्या ताहोमा म्हणत आले होते. पण त्यांच्याकडे आरमार नव्हतं.

आता मुख्य तक्रारीकडे. एवढा बर्फ का?

पॅरडाइजची उंची आहे ५,४०० फूट. कळसूबाईच्या माथ्याची उंचीही तेवढीच. कळसूबाईवर जूनमध्ये लोक भिजलेले कपडे पिळत कांदाभजी खातात, आणि त्याच उंचीवर इथे खिडक्या गाडलेल्या. अर्धं उत्तर नकाशात आहे: कळसूबाई विषुववृत्तापासून साडेएकोणीस अंशांवर, रेनिअर जवळजवळ सत्तेचाळीस. उरलेलं अर्धं उत्तर मात्र घाटावर राहणाऱ्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. पश्चिमेकडून समुद्राचं बाष्प घेऊन वारं येतं, डोंगर आडवा येतो, वारं वर चढतं, थंड होतं आणि ओझं तिथेच टाकून मोकळं होतं. डोंगरापलीकडे कोरडं. महाबळेश्वर ओलंचिंब आणि माण-खटाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून, हे जे आपलं गणित आहे, तेच तिथे पॅरडाइज आणि पूर्वेकडच्या याकिमा खोऱ्याचं आहे. फरक इतकाच, की आपला मोसम जूनमध्ये लागतो आणि धारांनी येतो, त्यांचा हिवाळ्यात लागतो आणि गोठून येतो. आणि पाऊस वाहून जातो. बर्फ बसून राहतो.

किती बसून राहतो? वर्षाकाठी सरासरी सोळा मीटरच्या आसपास पडतो. १९७१-७२ च्या हिवाळ्यात १,१२२ इंच पडला, म्हणजे साडेअठ्ठावीस मीटर, आणि तो तेव्हा जगातला विक्रम ठरला. १९९८-९९ मध्ये त्याच राज्यातल्या माउंट बेकरने १,१४० इंच घेऊन तो मोडला. चेरापुंजी आणि मौसिनरामची जी सोयरीक आहे, तीच या दोघांची. मार्च १९५५ मध्ये पॅरडाइजला जमिनीवर साचलेला बर्फ मोजला तर ३६७ इंच भरला, म्हणजे तीन मजली घर पागोळ्यांपर्यंत गडप. एवढा ढीग मेमोरियल डेच्या सोमवारी सकाळी उठून निघून जाईल, अशी अपेक्षा धरायला फार मोठा आशावाद लागतो, आणि तो त्या देशात मुबलक आहे.

आपल्या काका-मावश्यांना हसण्याआधी एक सांगितलं पाहिजे. या डोंगरावर स्वतःचा उन्हाळा घेऊन जायची खोड परदेशी पाहुण्यांची नाहीच. ती अस्सल तिथली, आणि बऱ्याचदा सरकारी खर्चाने भागवलेली.

१९६६ मध्ये पॅरडाइजला पाहुण्यांसाठी एक नवं केंद्र बांधलं. गोल, काँक्रीटचं, उडत्या तबकडीसारखं. काळच अवकाशयानांचा होता. या तबकडीचं छप्पर सपाट होतं. जिथे वर्षाला सोळा मीटर बर्फ पडतो, तिथे सपाट छप्पर! कोकणातल्या कुठल्याही गवंड्याला बोलावलं असतं तर त्याने आराखडा बघून विडी विझवली असती आणि विचारलं असतं, साहेब, पाणी कुठून जाणार? वास्तुरचनाकाराकडे उत्तर होतं. बर्फ वितळवायचा. म्हणून हिवाळाभर रोज शेकडो गॅलन डिझेल जाळून छप्पर गरम ठेवायचं. निसर्गाचं रक्षण करणाऱ्या खात्याच्या माहितीकेंद्राची ही माहिती. चाळीसेक वर्षं हा खटाटोप चालला, आणि २००८ मध्ये शेजारी नवी इमारत उभी राहिली, तिला चांगली उतरती छपरं. तबकडी पाडून टाकली. जवळच्याच पॅरडाइज इनचं छप्पर १९१७ पासून उतरतंच होतं, हे या सगळ्या काळात कुणी मान वर करून पाहिलं नसावं.

१९३१ मध्ये तर तिथे गोल्फचं मैदान केलं. नऊ होलचं. वर्षातले आठ-नऊ महिने बर्फाखाली राहणाऱ्या उतारावर! ते फार टिकलं नाही हे वेगळं सांगायला नको, पण ज्या बैठकीत ही कल्पना मंजूर झाली त्या बैठकीचं इतिवृत्त मला वाचायला आवडेल. त्याच्या आधी, १९११ मध्ये, राष्ट्राध्यक्ष टाफ्ट मोटारीतून पॅरडाइजला निघाले. टाफ्ट हे अमेरिकेचे आजवरचे सर्वांत वजनदार राष्ट्राध्यक्ष. इथे शब्दशः अर्थ घ्यावा. शेवटच्या टप्प्यात चिखल इतका, की त्यांची मोटार जनावरं जुंपून ओढावी लागली. आपल्याकडे जीप रुतली की गावातून बैलजोडी येते आणि नंतर सगळे मिळून चहा पितात. तिथे सरळ इतिहासाच्या पुस्तकात नोंद.

आणि घसरगुंडी! मनालीला भाड्याच्या फरकोटात आणि दुसऱ्याच्या गमबुटात फोटो काढून घेणाऱ्या आपल्या मंडळींना नाकं मुरडण्याची पद्धत आहे. तर १९२०-३० च्या दशकांत पॅरडाइजला सभ्य, शहरी स्त्री-पुरुषांना जाड कापडाच्या, बुडाला मेण लावलेल्या विजारी भाड्याने मिळत. त्यांना टिन पँट म्हणत. त्या चढवायच्या, वाटाड्याच्या मागोमाग वर जायचं, रांगेने बर्फावर बसायचं आणि किंचाळत खाली यायचं. फोटो आहेत. चेहऱ्यावरचा आनंद थेट रोहतांगचा. फक्त दर विचारून घासाघीस करणारं कुणी दिसत नाही.

हे सगळं झालं गमतीचं. जूनच्या बर्फात एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती लोकांना पटवणं रेंजरांना सगळ्यांत अवघड जातं. हिवाळ्यातला बर्फ वरून वाढतो. जूनमधला खालूनही संपत येतो. उतारावरचे ओढे जागे होतात आणि बर्फाच्या पोटातून वाट काढतात. वर छान घट्ट, सपाट पांढरं, आणि खाली पोकळी. बर्फाच्या या पुलावर नेमका तुमचा पाय पडला की आत, थंड पाण्यात, आणि प्रवाह पुढच्या बर्फाखाली ओढत नेतो. दगडांच्या आणि झाडांच्या बुंध्यांभोवतीही असेच खड्डे तयार होतात. म्हणून पाण्याचा आवाज पायाखालून यायला लागला की बाजूला व्हायचं, हा साधा नियम. पण तो पाळायला आवाज ऐकू यायला हवा, आणि पाठीवरच्या पिशवीत स्पीकर लावून जोरजोरात गाणी वाजवत डोंगर चढणारा एक गट तिथे हमखास असतो. कुठल्या देशाचा ते विचारू नका. सगळ्या.

वाट बर्फाखाली गेली की माणूस आधीच्या पावलांच्या खुणा धरून चालतो. पूर्वजांनी आपल्याला हेच शिकवलं. पण या खुणा ज्याच्या, त्यालाही वाट माहीत नव्हती, तो कुणा तिसऱ्याच्या मागे गेला होता आणि तो तिसरा आडोसा शोधायला गेला होता. त्यात ढग उतरला की दहा पावलांवरचं दिसत नाही, जमीन आणि आकाश एकच होतं. पार्किंगपासून हाकेच्या अंतरावर माणसं हरवतात. फोनला रेंज नाही. पोरगा म्हणतो गूगल चालत नाहीये, वडील म्हणतात मी मघाशीच म्हणालो होतो, आणि आई पिशवीतून थेपले काढते. या तिघांत शहाणं वागणं फक्त आईचं. वाट सापडत नसेल तर एका जागी बसून राहावं आणि अंगात ऊब राहील असं करावं, असंच जाणकारही सांगतात.

कानटोपी आणली म्हणून सुनेकडून ऐकून घेतलेल्या सासऱ्यांना तिथे दैवी न्याय मिळतो. थंडीमुळे नव्हे, उन्हामुळे. स्वच्छ दिवशी ऊन वरून लागतंच, पण बर्फ त्यातलं बहुतेक परत वर फेकतो. त्यामुळे हनुवटीची खालची बाजू, कानांच्या मागचा भाग, इतकंच काय नाकपुड्यांच्या आतली कडासुद्धा भाजते. कॅलिफोर्नियाहून आलेले तरणेताठे लोक रात्री काकडीच्या चकत्या लावून पडतात, आणि कानटोपी, मफलर, काळा गॉगल अशा वेषातले बाबा दुसऱ्या दिवशी ताजेतवाने चहा मागतात.

जूनअखेरीला बर्फावर कुठे कुठे गुलाबी छटा दिसू लागते. जवळून बघितलं तर लालसर, वास घेतला तर किंचित कलिंगडाचा. नातवाला चौपाटीवरचा रोझ सिरपचा गोळा आठवतो आणि त्याचा हात लगेच खाली जातो. तो हात वेळीच धरावा. ते शैवाल आहे. थंडीत वाढणारं, आणि कडक उन्हापासून स्वतःला वाचवायला लाल रंगद्रव्य अंगावर घेणारं. पोटात गेलं तर पोट बिघडू शकतं. गंमत म्हणजे हा रंग ऊन शोषतो, त्यामुळे गुलाबी बर्फ पांढऱ्यापेक्षा लवकर वितळतो. म्हणजे उन्हाळा लवकर यावा म्हणून त्या डोंगरावर खरोखर काही करणारं कुणी असेल तर ते हे शेवाळं. बाकी सगळे नुसतेच चौकशी खिडकीवर.

खिडकीबाहेर एक कोल्हा बसलेला असतो. कॅस्केड रेड फॉक्स, वॉशिंग्टन राज्याबाहेर कुठेही न सापडणारी उपजात, आणि राज्याच्या संकटग्रस्त यादीत. यादीत असलेल्या प्राण्याने कड्याकपारीत दिसेनासं व्हावं, अशी आपली समजूत. हा गाड्यांच्या रांगेत हिंडतो आणि उघड्या डिकीकडे बघतो. त्याला हे लोकांनीच शिकवलं. खायला घालणं हा गुन्हा आहे, दंड होतो, पाट्या जागोजाग आहेत, कारण माणसाच्या मागे लागलेला कोल्हा शेवटी गाडीच्या चाकाखाली जातो. तरी कुणीतरी चिप्स टाकतंच. एक काकू मोठ्या करुणेने भाकरवडीचं पाकीट उघडतात. आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्याला रिकाम्या तोंडी न पाठवण्याचा संस्कार चांगलाच आहे. फक्त इथे पाहुणे आपण आहोत.

डोंगर दिसणं हाही तिथे नशिबाचा भाग. १४,४१० फुटांचा हा प्रचंड गोळा कित्येक दिवस ढगात दडलेला असतो, आणि ज्या दिवशी दिसतो त्या दिवशी सिएटलमधले लोक एकमेकांना सांगतात, आज डोंगर निघालाय. जणू तो कामानिमित्त बाहेर पडतो. पॅरडाइजपर्यंत जाऊनही न दिसलेल्यांची संख्या कमी नाही. ती मंडळी पाहुण्यांच्या केंद्रात जाऊन डोंगराच्या पुठ्ठ्याच्या चित्रापुढे उभी राहतात, आणि घरच्या ग्रुपवर तोच फोटो जातो. तिथून लगेच "वा, क्या बात है" येतं. कुणालाच फरक पडत नाही.

तो नुसता डोंगर नाही, जिवंत ज्वालामुखी आहे, हे आजी-आजोबांना सहसा परत आल्यावर सांगतात. १८७० मध्ये हॅझर्ड स्टीव्हन्स आणि व्हॅन ट्रम्प हे दोघे माथ्यावर पोचले, रात्र झाली, आणि ते वाचले ते शिखरावरच्या वाफेच्या गुहांमुळे: एका अंगाने भाजत, दुसऱ्या अंगाने गोठत. खाली ऑर्टिंग नावाचं गाव आहे, जुन्या ज्वालामुखी चिखलाच्या थरावरच वसलेलं. तिथल्या शाळांतली मुलं तो चिखल पुन्हा आला तर कुठे पळायचं याची कवायत करतात. आजोबांना हे कळल्यावर ते दोन मिनिटं गप्प बसतात आणि मग विचारतात, तिथे घरांचे भाव काय आहेत?

फुलं? येतात ना. जुलै अखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत बर्फ मागे सरकतो आणि त्या कुरणांवर निळं, लाल, पिवळं असं काही उसळतं, की लाँगमायरबाईंना माफ करावंसं वाटतं. त्या रोपांना वाढायला वर्षातले मोजकेच आठवडे मिळतात. एका बुटाखाली चिरडलेला तुकडा सावरायला वर्षं घेतो. म्हणून तिथे वाट सोडून कुरणात पाय ठेवू नका, अशी विनवणी करणारे बिल्लेसुद्धा वाटतात. बिल्ला छातीवर लावून कुरणात उतरलेला माणूस बघायचा असेल तर शनिवारी जावं.

आपल्या आई-बाबांचा त्याच्याशी संबंध येत नाही. ऑगस्टात गणपती तोंडावर असतात, सजावटीचं बघायचं असतं, आणि तिकीट जानेवारीतच स्वस्तात काढून ठेवलेलं असतं. ते घरी पोचतात, सामान लावतात, आणि पंधरवड्याने मुलगा व्हिडिओ पाठवतो: तीच जागा, तोच कठडा, आणि सगळीकडे फुलंच फुलं. वडील तो दोनदा बघतात आणि लिहितात, "आम्ही गेलो तेव्हा यातलं काही नव्हतं. नुसता बर्फ. पण पार्किंग तेव्हाही नव्हतं."